घोडा उठला का?

म्हैसूरला आमच्या नजरबादच्या घरात टीव्हीच्या आधी टीव्हीचा पडदा आला. टीव्ही घ्यायचा एवढंच ठरलं होतं. कुठला घ्यायचा, केवढा घ्यायचा, यावर आप्पांचा विचार अजून चालूच होता, तोवर चिक्कप्पा, म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, एक तांबडं मखमली बोचकं काखेत मारून दारात उभे राहिले. देवराज मोहल्ल्यात त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. दसऱ्याच्या मिरवणुकीत जे बँडवाले चालतात, त्यांच्यातल्या काहींचे कोट शिवायचं काम दरवर्षी त्यांच्याकडे यायचं, आणि कोटांतून उरलेली मखमल आणि सोनेरी फीत त्यांना टाकवत नसे. "अण्णा, तू माप देईपर्यंत दसरा होऊन जाईल," ते म्हणाले, "म्हणून अंदाजानं शिवला." अंदाज फारच उदार होता. पुढे टीव्ही आला तो लहानखुरा, आणि पडदा मात्र मेजाच्या पायांपर्यंत लोंबणारा, वर पितळी कड्या, खाली सोनेरी झालर, बाजूला ओढायची दोरी. आई पहिल्या दिवशी म्हणाली, "नाटक कंपनी आली म्हणायची घरात." धाकट्या शामूनं लगेच त्या पडद्याआडून डोकं बाहेर काढून सगळ्यांना मुजरा केला.

शामू माझ्याहून बराच धाकटा. मी तेव्हा पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला होते, जाड चष्मा, सदा हातात पुस्तक, आणि तो दहाव्या वर्षात. त्याला जाऊन आता वर्ष व्हायला आलं. त्याच्याविषयी लिहायचं तर दुःखाचंच लिहावं लागेल असं वाटून मी बरेच महिने कागदाला हात लावला नव्हता. पण त्याची आठवण काढायला बसलं की पहिल्यांदा तो पडद्यातून डोकावणारा चेहराच समोर येतो, आणि मग हसू आवरत नाही. तेव्हा आता जसं येईल तसं, हळूहळू लिहिते आहे.

आप्पा सरकारी कचेरीत कारकून होते. आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या फौजेत घोड्यावर बसत, आणि आप्पा बसत ते कचेरीतल्या खुर्चीवर, पण घराण्याचा अभिमान दोन्हीकडे सारखाच. माणूस इतका मऊ की घरात झुरळ निघालं तर सुपलीत घेऊन बाहेर सोडायचे. टीव्ही आल्यावर त्यांनी एकच नियम केला. मारामारी लागली की पडदा. शनिवारी संध्याकाळी सिनेमा असायचा. त्यातल्या नायकानं अंगातला कोट काढून बाजूला फेकला, की आप्पा उठलेच. मखमल सर्रकन पुढे यायची आणि आम्ही तांबड्या अंधारासमोर बसून राहायचो. आवाज मात्र ते बंद करत नसत, कारण मारामारी संपली केव्हा हे कळायला त्यांना कानच तेवढे होते. दोरी हातात धरून, मान वाकडी करून ते ऐकत उभे राहायचे. आतून धाडधूड, काचा फुटण्याचे आवाज, एखादी किंकाळी. मग बासऱ्या वाजू लागल्या की आप्पांचा चेहरा सैल व्हायचा आणि पडदा उघडायचा. त्यामुळे आम्हा दोघांना पुष्कळ दिवस असंच वाटे की सिनेमात माणसं भांडतात, मग अंधार पडतो, आणि उजाडतं तेव्हा सगळे बागेत गात असतात.

रविवारची सकाळ मात्र वेगळी. त्या दिवशी युद्धाची एक मोठी मालिका लागायची, राजे, मुकुट, रथ, हत्ती. आई पहाटेच उप्पिट्टु, म्हणजे उपमा, ढवळून ठेवायची, कढीपत्त्याचा आणि भाजलेल्या रव्याचा वास गल्लीभर जायचा, आणि त्या वासामागून गल्लीही आमच्या घरात यायची. शेजारच्या जयम्मा मांडीवर मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची फुलं घेऊन गजरे ओवत पुढच्या रांगेत बसायच्या. चपला बाहेर. टीव्हीपुढे उदबत्ती. हिंदी कोणालाच धड येत नसे, म्हणून आप्पा एकदा मराठीत आणि एकदा जयम्मांसाठी कन्नडमध्ये अर्थ सांगायचे, आणि तोवर पुढचे दोन बाण सुटून गेलेले असायचे. त्या मालिकेत शनिवारच्या सिनेमाच्या कितीतरी पट माणसं मरायची. भाले आरपार जायचे. तरी पडद्याची दोरी आपल्या जागी लोंबत राहायची.

मी एकदा विचारलं, "आप्पा, हे चालतं आणि ते चालत नाही, असं का?"

"हे युद्ध आहे," आप्पा म्हणाले. "ती गुंडगिरी."

"म्हणजे बाण चालतो, बुक्की चालत नाही," शामू म्हणाला.

"सुम्ने बस," आप्पा म्हणाले, म्हणजे गप बस. पण जयम्मांना हसू फुटलं आणि त्यांचा दोरा तुटला.

अशाच एका रविवारी एक घोडा पडला. पांढरा होता. त्याचा स्वार मोठा कोणीतरी होता, सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर. बाण लागला, घोडा पुढच्या गुडघ्यांवर आला, कलंडला, धुरळा उडाला. स्वार उडी मारून दुसऱ्या रथात चढला आणि खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात शामूचा आवाज आला, "घोडा उठला का?"  त्यानं मला कोपरानं ढोसलं. "अक्का, घोडा उठला का?" मी म्हटलं, "दाखवतील." त्यांनी दाखवला नाही. पुढच्या रविवारीही शामू अगदी टीव्हीला नाक लावून बसला होता, कोपरे शोधत. मला वाटलं, युद्धाचं वेड लागलंय. घरात सगळ्यांनाच तसं वाटलं, आणि आप्पांना तर बरंच वाटलं, कारण नवरात्र तोंडावर आलं होतं आणि त्या वर्षी शामूची पाळी होती.

पाळी म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या घराण्यात एक जुनी तलवार आहे. एरवी ती देवघराच्या वरच्या फळीवर कापडात गुंडाळलेली असते. खांडेनवमीला खाली येते, तिला हळदकुंकू लागतं, आणि तिच्या शेजारी मग घरातलं एकूण एक हत्यार मांडलं जातं: आईची विळी, आप्पांची सायकल, चिक्कप्पांची मोठी कात्री, माझं फाउंटन पेन. त्या वर्षी टीव्हीचीही भर पडणार होती. पूर्वी त्या दिवशी दारात बकरा पडायचा. आजोबांनी ते बंद करून कोहळा आणला. कोहळ्याला वरून भोक पाडून आत कुंकू आणि चुना कालवून भरायचा, तो उंबऱ्याबाहेरच्या दगडी पायरीवर ठेवायचा, आणि घराण्यातल्या ज्या मुलाला दहावं लागलं असेल त्यानं तलवारीच्या एका घावात फोडायचा. तांबडं पाणी पायरीभर व्हायचं. मटण मात्र बंद झालं नव्हतं. ते स्वयंपाकघरात शिजतच असायचं, सोबत नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेल्या पिठाचे गोळे.

आणि एक रीत होती, ती सगळ्यांत महत्त्वाची. कोहळा ज्या घरचा मुलगा फोडील, पुढची पिढीभर तलवार त्या घरी. आप्पांनी फोडला होता म्हणून ती आमच्याकडे. चिक्कप्पांना तिन्ही मुलीच. पण आप्पांच्या चुलत भावाचं कुटुंब तलकाडला होतं, आणि त्यांच्या बसू नावाच्या मुलालाही तेच वर्ष लागलं होतं. पहिला मान आमचा. आम्ही सोडला, तर तलवार कावेरीकाठी जाणार. तलकाडची मंडळी नवमीला यायचीच. आली की चपलांतून पसाभर वाळू आमच्या ओट्यावर झटकायची. आप्पा आठवडाभर ती वाळू झाडत म्हणायचे, "यांची देवळं वाळूत बुडाली, आता आमचं घर बुडवतात." अशा माणसांच्या हाती तलवार द्यायची, ही कल्पनाच त्यांना सहन होण्यासारखी नव्हती.

नवरात्र बसायच्या थोडं आधी, एका दुपारी जेवताना शामू म्हणाला, "मी कोहळा फोडणार नाही."

आप्पांचा घास हातातच राहिला. आई वाढता वाढता थांबली.

"का रे?" आप्पा म्हणाले.

"तो पडल्यावर त्याच्यातून रक्त येतं."

"अय्यो, ते कुंकू आहे की!"

"ठाऊक आहे," शामू म्हणाला आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.

चिक्कप्पाही त्या दिवशी जेवायला होते. त्यांनी पाटावरून त्याच्याकडे वाकून पाहिलं. "मरी, बाळा, नवमीचं मटण तू किती खातोस ते मी बघितलंय. मटण चालतं आणि भोपळ्याची दया?"

शामू विचार करून म्हणाला, "मटणाचं आधी काय झालं ते मला कोणी दाखवत नाही."

 आईनं घाईघाईनं सगळ्यांच्या पानांत आणखी भात वाढला.

त्या संध्याकाळी ओट्यावर दोघा भावांची बैठक झाली. आप्पांचं म्हणणं, पोरगं भित्रं झालं. चिक्कप्पांचं म्हणणं, ते होणारच. "अण्णा, चूक तुझी आहे. मारामारी लागली की तू पडदा ओढतोस. पोराच्या नजरेला सवयच नाही. दुकानातली माझी पोरं बघ, दर आठवड्याला थिएटरात जाऊन मारामाऱ्या बघतात, आणि सुई टोचली तरी हूं करत नाहीत. त्याला बघू दे. भरपूर बघू दे. नवमीपर्यंत तलवार स्वतः मागेल." ज्या हातांनी पडदा शिवला, त्याच हातांनी त्यांनी तो त्या दिवशी कड्यांतून काढला आणि घडी घालून माझ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवला. अशी आमच्या घरात, कालपर्यंत बंद असलेली मारामारी औषध म्हणून सुरू झाली. शनिवारी आप्पा शामूला हाताला धरून टीव्हीसमोर बसवायचे. नायकानं कोट फेकला की स्वतः भिंतीकडे बघायचे आणि म्हणायचे, "बघ, बघ. डोळे मिटू नकोस."

शामूनं डोळे मिटले नाहीत. तो पोट धरून हसला. बुक्की बसायच्या आधीच माणूस कसा उडतो, एका माणसाला मारायला दहा जण येतात पण एकेक जण रांगेत कसा थांबतो, आणि उशी आपटल्यासारखा तो आवाज कुठून येतो, हे सगळं त्यानं पहिल्याच शनिवारी टिपलं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत खेळ सुरू झाला. जयम्मांचा नागेश मार न खाता कोलांटी घ्यायचा, आणि जयम्मांची मुलगी लक्ष्मी तोंडानं आवाज काढायची. आप्पांना आशा वाटू लागली. चिक्कप्पा म्हणाले, "बघितलंस? औषध लागू पडतंय." आणि त्याच दुपारी शामूला विचारलं, "मग, आता कोहळा?"

"नाही," शामू म्हणाला आणि कोलांटी घ्यायला पळाला.

इथे मला थांबून आजचं थोडं सांगावंसं वाटतं. शामूची मुलगी मेघा कॉलेजात आहे, आणि हल्ली रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसते. माझ्या एकटेपणासाठी येते की स्वतःच्या, ते आम्ही एकमेकींना विचारत नाही. जेवताना फोनवर तिची मालिका चालू असते. तीत माणसांचे जे हाल करतात ते पाहून मी ताट बाजूला सारते. मी म्हटलं, "मेघा, हे बघून तुला काही होत नाही?" ती म्हणाली, "आत्ते, ते सगळं खोटं आहे, मेकअप आहे. तुम्ही न्यूज लावता ना, ती नका लावू. मला त्यानं झोप येत नाही." मी टीव्ही बंद केला. माझ्या तोंडी आलं होतं, हे मी पूर्वी ऐकलंय, आमच्याच ओट्यावर ऐकलंय.

कारण नवमीला चार-पाच दिवस उरले असताना आप्पांनी चौकशी बसवली. कचेरीत काही बिघडलं की ते चौकशी करत, घरात ती पहिलीच. रविवारची दुपार. आप्पा कचेरीचा शर्ट घालून ओट्यावर खुर्चीत बसले, बाजूला चिक्कप्पा, आणि समोर पायरीवर शामू, नागेश आणि लक्ष्मी. मी खिडकीत पुस्तक घेऊन, अर्थातच पान न उलटता. आप्पांनी घसा साफ केला. "टीव्हीवर मारामारी बघून तुम्हाला काय वाटतं? खरं सांगायचं."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मोठी माणसं असं विचारतात तेव्हा काय सांगायचं असतं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. "वाईट वाटतं, सर," नागेश हात मागे बांधून म्हणाला. "मारामारी करू नये, सर," लक्ष्मी म्हणाली. आप्पा खूश झाले. चौकशी तिथेच संपायची, पण आई आतून कोडुबळ्यांचं, म्हणजे तांदळाच्या कडबोळ्यांचं ताट घेऊन आली, गरम, तिखट, कुरकुरीत, आणि पोरांच्या मधोमध ठेवत म्हणाली, "तोंड भरलेलं असलं की खरं निघतं. आता विचारा."

तोंडं भरली. नागेश बोलू लागला. "सर, ढिशुम म्हणजे मजाच की. जो मेला तो पुढच्या शनिवारी दुसऱ्या सिनेमात असतो. त्याला काय घाबरायचं?"

"मग घाबरायला कशानं होतं?" चिक्कप्पांनी विचारलं.

नागेशनं आप्पांकडे चोरून पाहिलं. "तुमचा पडदा, सर. तो ओढला की फार भीती वाटते. आत काय चाललंय दिसत नाही, नुसतं ओरडणं येतं. मी त्यामुळे एकदा घरी पळालो होतो."

चिक्कप्पांना आपल्या शिवणकामाविषयी असं काही ऐकायची सवय नव्हती. ते झालरीबद्दल काहीतरी पुटपुटले. लक्ष्मी म्हणाली, "मला बातम्या. ती जळलेली बस दाखवली ना, तिच्या खाली एक चप्पल होती. लहान मुलाची. अम्मा म्हणते बघू नको, पण आप्पासर आवाज मोठा करतात." खरंच करायचे. बातम्या म्हणजे ज्ञान, तिथे पडदा कसा ओढणार?

आप्पा आता खुर्चीत पुढे सरकून बसले होते. "आणि तू?" त्यांनी शामूला विचारलं.

शामूनं कोडुबळ्याचं कडं बोटात घालून फिरवलं. "मला घोडा."

"कुठला घोडा?"

"पांढरा. रविवारचा. तो पडला, आणि कोणी त्याच्याकडे परत बघितलंच नाही. त्याचा राजापण दुसऱ्या रथात बसून गेला. तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होता." मग त्यानं वर बघितलं. "आप्पा, तो उठला का?"

"उठला असेल की," आप्पा म्हणाले. "शिकवलेला घोडा असतो तो."

"तुम्ही बघितलं?"

मला वाटलं, आप्पा हो म्हणतील. त्या क्षणी कोणीही म्हटलं असतं.  आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला.

"नाही," ते म्हणाले. "मी बघितलं नाही. मला ठाऊक नाही."

आप्पांच्या तोंडून 'मला ठाऊक नाही' मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं. शामूनंही नसावं, कारण तो उठून त्यांच्या खुर्चीला टेकून उभा राहिला. "कोहळा पडतो, फुटतो, आणि सगळे लगेच जेवायला जातात," तो म्हणाला. "तसंच वाटतं मला ते." आणि जरा थांबून, "तुम्हाला वाटलं नव्हतं? तुमच्या वेळी?"

आता आमच्या तलवारीला एक खाच आहे. टोकापासून वीतभर आत, चांगली ठळक. तिची कथा चिक्कप्पा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत: कुठल्याशा लढाईत आमच्या पूर्वजानं शत्रूच्या शिरस्त्राणावर घाव घातला, शिरस्त्राण दुभंगलं आणि पात्याला खाच पडली. सांगताना ते खुर्चीवर अर्धे उभे राहत. आप्पा अशा वेळी नेहमी उठून पाण्याला जात. का जात, ते त्या दुपारी कळलं. ते खुर्चीवरून उतरले, दगडी पायरीवर उकिडवे बसले आणि शामूचं बोट धरून पायरीच्या कडेला फिरवलं. तिथेही एक खाच होती. आम्ही रोज तिच्यावरून जात येत होतो.

"ही मी पाडली," आप्पा म्हणाले. "आणि तलवारीची पण इथेच पडली. मी डोळे गच्च मिटले होते. तलवार कोहळ्याला लागलीच नाही, दगडावर आली. वडिलांनी माझ्या हातावर हात ठेवून दुसरा घाव घातला, आणि म्हणाले, कोणी विचारलं तर सांग, लढाईतली आहे."

 मग चिक्कप्पा म्हणाले, "आणि शिरस्त्राण?"

"शिरस्त्राण तू घातलंस, विठू. मी फक्त लढाई म्हणालो होतो."

"अण्णा! मी तलकाडच्यांना सांगितलंय! मुलींच्या सासरी सांगितलंय!" चिक्कप्पा खरोखर कळवळले होते. आईनं दारातच तोंडाला पदर लावला, आणि मग हसू आवरेना तेव्हा सरळ आत निघून गेली.

आप्पांनी त्यानंतर शामूला कोहळ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. तलकाडला निरोप धाडायचा, बसूला तयार ठेवा म्हणून, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पोस्टकार्ड आणून त्यांनी मेजावर ठेवलेलं मी पाहिलं. ते दोन दिवस तसंच कोरं पडून होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी शामू दात घासता घासता म्हणाला, "आप्पा, हातावर हात ठेवाल?"

"ठेवीन."

"आणि फुटल्यावर लगेच जेवायला जायचं नाही. मी उचलणार. सगळे तुकडे."

"दोघं मिळून उचलू," आप्पा म्हणाले. पोस्टकार्ड आईनं दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलं.

नवमी आली. तलकाडची मंडळी आली, त्यांची वाळू आली, बसू नवा सदरा घालून, हात शिवशिवत, पायरीजवळ उभा. देवघरासमोर तलवार, कात्री, विळी, सायकल, आणि कपाळाला गंध लावलेला टीव्ही झेंडूच्या माळेत बसला होता. आत मटणाला कढ आला होता. आईनं कोहळा स्वतः आणून पायरीवर ठेवला. तो भरायचं काम आप्पांच्या आईच्या वेळेपासून घरातल्या बाईचंच.  शामू पुढे झाला. आप्पा त्याच्या मागे वाकले, हातावर हात. पितापुत्रांनी तलवार वर नेली. मी खांबाला धरून उभी होते. तलवार आली, आणि कोहळा मधोमध फुटला.

पायरीवर पिवळं पाणी पसरलं. पिवळंधमक. आईनं कुंकू आणि चुना घातलाच नव्हता, नुसती हळद कालवली होती. शामूच्या पायांवर, आप्पांच्या पांढऱ्या धोतरावर, बसूच्या नव्या सदऱ्यावर, सगळीकडे हळद, जणू कोणाचं तरी लग्न निघालं होतं. तलकाडच्या काकू म्हणाल्या, "हे काय? लाल कुठंय?" आई म्हणाली, "कुंकू संपलं होतं." देवघरात करंडा काठोकाठ भरलेला मला तिथून दिसत होता.

आणि त्या गलक्यात शामू मान वळवून, मागे वाकलेल्या आप्पांकडे बघत ओरडला, "आप्पा! तुम्ही परत डोळे मिटले!"

सगळी गल्ली हसली. आप्पांनी डोळे उघडले, पायरीकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. "तुला कसं कळलं?" ते म्हणाले. मग त्यांच्याच लक्षात आलं की हे कळायला डोळे उघडे लागतात, आणि त्यांनी हळदीच्या हातानं शामूला उचलून खांद्यावर घेतलं. तुकडे मात्र शामूनं नंतर सगळे वेचले. आप्पांनी टोपली धरली. जेवणं तोवर थांबली. चिक्कप्पा भुकेनं कासावीस होऊन येरझाऱ्या घालत होते, तरी थांबले.

तलवार आमच्याकडे राहिली. कोहळ्यात आमच्याकडे तेव्हापासून हळदच असते, आणि आता तलकाडलाही असते. पडदा चिक्कप्पांनी परत नेला आणि त्याची देवासाठी आसनं शिवली. शनिवारच्या मारामाऱ्या आप्पा पुढे शामूच्या मांडीला मांडी लावून बघत आणि हसायला शिकले. बातम्यांचा आवाज मात्र लक्ष्मी घरात असली की बारीक व्हायचा.

गेल्या थंडीत शामू बरेच दिवस अंथरुणावर होता. एका दुपारी मेघानं तिच्या फोनवर ती जुनी मालिका शोधून काढली. "अप्पा, तुमचा घोडा," ती वडिलांना म्हणाली. त्याच्या उशीजवळ आम्ही तिघं डोकी जुळवून बसलो. पांढरा घोडा आला, बाण लागला, गुडघ्यांवर आला, कलंडला. स्वार रथात चढला. मेघानं बोटानं चित्र थांबवलं, थोडं मागे नेलं, परत सोडलं. आणि अगदी शेवटी, चित्र बदलायच्या आत, धुरळ्याच्या मागे डाव्या कोपऱ्यात काहीतरी पांढरं वर आलं, आणि शेपटी झटकली. तोच घोडा की दुसरा, मला शपथेवर सांगता येणार नाही. शामूनं मेघाला ते पुन्हापुन्हा दाखवायला लावलं. मग उशीवर मान टाकून तो मोठ्यानं, अगदी दहाव्या वर्षीसारखा हसला.

"अक्का," तो म्हणाला, "आप्पांना सांगायला पाहिजे."

आप्पांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी म्हटलं, "सांगू की."

ते काम तो माझ्याआधी करणार होता. आप्पा त्याला नक्की विचारतील, "तू बघितलंस?" आणि तो हो म्हणेल.